चार जुलै, टॅक्स आणि अण्णांची ठेव पावती

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मेसेज टाकला. अमेरिकेचा झेंडा, फटाके, आणि खाली मजकूर की हा देश टॅक्सविरुद्ध लढून स्वतंत्र झाला म्हणून आज महासत्ता आहे, आणि आपल्याकडे मात्र कष्ट करणाऱ्याच्या खिशातून काढून फुकट्यांना वाटायचं चाललंय, कर्जमाफी काय, रेशन काय, आपण इतिहासातून कधी शिकणार. खाली धडाधड अंगठे. त्यातला एक अंगठा अशा माणसाचा होता ज्याचे वडील माझ्या वडिलांबरोबर एकाच पतसंस्थेत बुडाले. तो बघितला आणि मग राहवलं नाही.

शिकायचंच आहे ना इतिहासातून, मग सगळाच शिकू या.

आधी तो टॅक्स. तेव्हा अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं. १७७३ चा चहाचा कायदा अमेरिकेतला चहा महाग करणारा नव्हता, स्वस्त करणारा होता. हे किती जणांना माहितीये? ईस्ट इंडिया कंपनी, आपलीच ती, गाळात गेली होती. लंडनच्या गोदामांत न खपलेल्या चहाचे ढीग पडलेले, बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेलेली आणि तरी सारावसुली चालूच, वर भागधारकांना लाभांश वाटायची हाव. मग कंपनी ब्रिटिश सरकारच्या दारात गेली. सरकारने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, इंग्लंडात भरलेली चहावरची जकात परत दिली आणि अमेरिकेत थेट माल विकायची सवलत दिली, म्हणजे मधले तिकडचे व्यापारी आपोआप बाद. अमेरिकेत पौंडभर वजनाच्या चहाला तीन पेन्सचा जुना कर होता तो तसाच ठेवला. तो धरूनसुद्धा चहा स्वस्त पडणार होता, चोरट्या मार्गाने यायचा त्याच्यापेक्षाही. आणि १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या लोकांनी त्याच स्वस्त चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या.

म्हणजे राग कशाचा होता? बुडीत बड्या कंपनीला सरकारने वाचवायचं, तिला मक्तेदारी द्यायची, आणि हे सगळं ठरवणार कोण, तर लंडनच्या ज्या पार्लमेंटमध्ये अमेरिकेतल्यांचा एकही माणूस नाही ते पार्लमेंट. चोरटा चहा आणणाऱ्यांचा धंदा बसणार होता हेही कारण होतं, मान्य. पण जॉन डिकिन्सन नावाच्या तिकडच्या वकिलाने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रकात बंगालच्या दुष्काळाचा सरळ उल्लेख आहे, की या कंपनीने तिकडे अन्नधान्य दाबून ठेवून लाखो माणसं मारली आणि आता आपल्याकडे नजर वळवलीये. फिलाडेल्फियातल्या माणसाला १७७३ मध्ये हे कळत होतं. आमच्या ग्रुपला अजून कळलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर माझा राग चहाचा नाहीच आहे. माझा राग लढाई संपल्यावर जे झालं त्याचा आहे, कारण ते मी आमच्या घरात कॉटवर बसलेलं बघितलंय.

ज्यांना अण्णा माहिती नाहीत त्यांच्यासाठी. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रात्री डेपोत भरणा करताना चार आणे कमी पडले तरी स्वतःच्या खिशातून घालणारे. रिटायर झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले ते त्यांनी तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले, ज्येष्ठ नागरिकांना जरा जास्त व्याज होतं म्हणून, आणि चेअरमन ओळखीचे म्हणून. गुलाबी रंगाची पावती, वर लक्ष्मीचं चित्र, खाली दोन सह्या आणि गोल शिक्का. एलआयसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवलेली. पुढे एक दिवस संस्थेचं शटर खाली आणि त्यावर नोटीस. अवसायक नेमला, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी. मग चकरा, अर्ज, मोर्चे, साहेब मीटिंगला गेलेत. ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

आता तिकडे या. अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता, म्हणून त्यांनी इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध नोटा छापून लढवलं. नोटा इतक्या छापल्या की १७८० मध्ये स्वतः काँग्रेसनेच मान्य केलं की चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर. सैनिकाचा पगार या नोटांत, तोही महिनोन्‌महिने थकलेला. घरी बायका-पोरं शेत सांभाळतायत, मीठ घ्यायला पैसे नाहीत. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं, त्यांच्याशी बोलणी झाली. त्याच महिन्यात न्यू जर्सीवाल्यांनी केलं तेव्हा सरसेनापती वॉशिंग्टनने फौज पाठवून दोघा म्होरक्यांना गोळ्या घातल्या, आणि त्या झाडायला त्यांच्याच साथीदारांना लावलं. ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनची शेवटची मोठी लढाई जिंकले. १७८३ ला तह झाला आणि या लोकांना घरी पाठवलं. हातात पैसा नाही, कागद. सरकार तुमचं इतकं इतकं देणं लागतं असं लिहिलेला कागद.

कागद घेऊन घरी आलेला माणूस काय करणार? त्याला बी-बियाणं हवंय, सावकाराचा हप्ता आहे, पोरगं आजारी आहे. तो कागद विकतो. आणि विकत घेणारे हजरच होते, शहरातून घोड्यावर येणारे. डॉलरला दहा-पंधरा सेंट. घे नाहीतर राहू दे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सची बायको अबिगेल हिनेसुद्धा असे कागद गोळा केले, नवऱ्याला जमिनी घ्यायच्या होत्या आणि हिचं म्हणणं कागदांत जास्त फायदा आहे. हिशेबाने बरोबर होतं तिचं.

आमच्याकडे तो माणूस बुलेटवर आला. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी. कॉटवर बसला, आईच्या हातचा चहा प्यायला, आईची तब्येत विचारली. आईच्या बायपासची तारीख ठरत होती हे त्याला माहिती होतं. आणि मला आजही जे आठवून अंगावर काटा येतो ते म्हणजे त्याला अण्णांच्या पावतीचा नंबर माहिती होता. रक्कम माहिती होती, मुदत कधीची आहे ते माहिती होतं. अण्णांनी कपाटातून पावती काढायच्या आधी त्याने आकडा बोलून दाखवला. मला सांगा, कुठून आली ती यादी? "शंभराचे तीस देतो अण्णा, कॅश, आत्ता. संस्थेतून काय मिळणार नाय तुम्हाला, मी आपलं ओळखीखातर करतोय."

यादीचं ऐका. १७९० मध्ये न्यूयॉर्कच्या सटोडियांच्या हातात अशाच याद्या पडल्या, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या कुठल्या सैनिकाची किती थकबाकी सरकारकडे निघते त्याच्या. आल्या कुठून, तर ट्रेझरीतून, म्हणजे सरकारच्याच अर्थखात्यातून. सैनिकाला पत्ताच नाही की आपले पैसे मंजूर झालेत, आणि दारात माणूस उभा, मुखत्यारपत्रावर सही कर, हे घे थोडे.

त्याच वर्षी जानेवारीत अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने योजना मांडली की युद्धाचे सगळे जुने कागद सरकार दर्शनी किमतीला, म्हणजे कागदावर लिहिलेल्या पूर्ण रकमेला, मान्य करणार. आणि पैसे कोणाला? आज कागद ज्याच्या हातात आहे त्याला. बातमी बाहेर पोचायच्या आत काही लोकांनी वेगवान जहाजं भाड्याने घेऊन दक्षिणेच्या राज्यांत माणसं पाठवली, पैशाच्या पिशव्या घेऊन, जेवढे कागद मिळतील तेवढे उचला. जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन याने भर सभागृहात यावर आरडाओरडा केला. हॅमिल्टनच्याच खात्यातला त्याचा सहायक विल्यम ड्युअर सट्टेबाजीत बुडालेला होता, पुढे १७९२ मध्ये त्याच्याच दिवाळ्याने बाजार कोसळला आणि तो कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात गेला, पण तोवर सैनिकाचा कागद सैनिकाकडे राहिला होता कुठे.

व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन उभा राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं: ज्याने कागद विकत घेतला त्याला बाजारात चढलेला सगळ्यात वरचा भाव द्या, आणि उरलेला फरक ज्याच्या नावाने कागद निघाला होता त्या मूळ माणसाला द्या, ज्याने रक्त सांडलं त्याला. सभागृहात मतदान झालं. विरोधात ३६, बाजूने १३.

छत्तीस विरुद्ध तेरा! हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. (मी टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, इतिहासाची प्राध्यापक नाही, पण अण्णांच्या प्रकरणानंतर हा विषय मिळेल तिथून वाचतेय.)

आता कोणीतरी म्हणेल की हॅमिल्टनचं बरोबर होतं, कागद विकला तो विकला, सौदा म्हणजे सौदा, आणि पूर्ण किंमत दिली म्हणूनच अमेरिकेची पत उभी राहिली, पुढे तिला कर्ज मिळत गेलं. हो, राहिली पत. मान्य करते, त्या माणसाला अर्थशास्त्र कळत होतं आणि मूळ सैनिक शोधणं किचकटही होतं. पण पत कोणाच्या जिवावर उभी राहिली ते तरी सांगाल की नाही पोरांना?

कारण व्याज द्यायला पैसे कुठून तरी आणावे लागतात ना. हॅमिल्टनच्या योजनेच्या आधीचंच मॅसॅच्युसेट्स राज्याचं बघा. राज्याने युद्धाच्या कागदांवर व्याज द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी शेतकऱ्यांवर कर बसवला, तोही रोकड सोन्या-चांदीत. ज्या खेड्यांत नाणं बघायला मिळत नाही तिथे. म्हणजे ज्या सैनिकाने आपला कागद पडत्या भावाने विकला, त्याच सैनिकाने आता शेत विकून कर भरायचा, आणि त्यातून त्याचाच कागद घेतलेल्या बोस्टनच्या माणसाला व्याज जाणार. हे कळतंय का? परत वाचा.

डॅनियल शेज तसाच एक. बंकर हिलला लढलेला, साराटोगाला लढलेला, कॅप्टन झालेला. लाफायेत या फ्रेंच सेनानीने त्याला मानाची तलवार दिली होती, ती त्याला पैशापायी विकावी लागली. १७८६ च्या ऑगस्टपासून पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कोर्टं बंद पाडायला लागले, म्हणजे जप्तीचे हुकूमच निघू नयेत. आधी अर्ज केले होते हो त्यांनी, ढीगभर अर्ज, नोटा छापा, वसुली थांबवा, माल घ्या कराऐवजी. कोणी विचारलं नाही. राज्याच्या तिजोरीत फौज उभी करायला पैसा नव्हता तर बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली! २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर या माजी सैनिकांवर तोफ डागली. चार मेले. त्यांच्याबद्दल तेव्हा काय बोललं गेलं माहितीये? ऐदी, उधळे, कर्ज बुडवायची सवय लागलेले.

ओळखीचं वाटतंय ना? आमच्या ग्रुपवर आज सकाळी हेच लिहिलेलं होतं.

तेव्हा 'टॅक्सविरुद्ध लढलेला देश' हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर कोणी टाकू नका. कर लावायचा नाही असं त्यांनी ठरवलंच नव्हतं. १७९१ मध्ये त्याच कर्जाच्या व्याजासाठी दारूवर कर बसवला. डोंगरापलीकडचा शेतकरी धान्य बाजारापर्यंत वाहून नेणं परवडत नाही म्हणून त्याची व्हिस्की करायचा, तीच त्याची रोकड. मोठ्या भट्टीवाल्याला कर हलका पडायचा, याला जड. याने विरोध केला तर १७९४ मध्ये वॉशिंग्टन, आता राष्ट्राध्यक्ष, तेरा हजारांच्या आसपास फौज घेऊन निघाला. इंग्रजांशी लढताना त्याच्या हाताखाली कितीदा तरी याहून कमी माणसं होती.

आणि गुलामांबद्दल तर मी लिहितच नाही, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तेव्हा दर पाचातला एक माणूस कोणाची तरी मालमत्ता होता. त्यांना साधा कागदसुद्धा मिळाला नाही.

आपल्याशी याचा काय संबंध म्हणाल तर आहे. यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये इकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. (तिकडे युद्ध चालू असताना इकडे १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं होतं, नाना फडणवीस पुण्यात फ्रेंच वकिलाला बसवून इंग्रजांची झोप उडवत होते, त्यावर एकदा वेगळं लिहीन.) कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये कायमधारा आणला, म्हणजे जमीनदाराने भरायचा सारा कायमचा ठरवून टाकला. सारा ठरलेल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत भरला नाही की जमीनदारी लिलावात. आणि लिलाव कोण उचलायचं? कलकत्त्याचे पैसेवाले आणि कचेरीतलेच लोक, ज्यांना कुठली जमीनदारी कधी लिलावात येणार हे आधी माहिती असायचं. तिकडेही यादी, इकडेही यादी.

अण्णांनी पावती दिली. देणारच होते, आईचं ऑपरेशन होतं. पण त्या माणसाने बॅगेतून शंभराच्या स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र काढलं, आधीच टाइप केलेलं. त्यात लिहिलं होतं की मला माझ्या ठेवीची संपूर्ण रक्कम व्याजासह मिळाली, माझी काही तक्रार नाही. अण्णांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. परत वाचलं. म्हणाले, "पण पूर्ण नाही ना मिळाली." तो म्हणाला, "तसंच लिहावं लागतं अण्णा, त्याशिवाय मॅचिंग होत नाय." आयुष्यभर चार आण्यांचा हिशेब चुकू न दिलेल्या माणसाने त्या खोट्या कागदावर सही केली. मी शेजारीच उभी होते. त्यांचा हात थरथरला वगैरे काही नाही, नेहमीसारखी सही केली आणि पेनचं टोपण लावून खिशाला अडकवलं. त्यानंतर ते पतसंस्थेचा विषय कधी बोलले नाहीत. पेपरात बातमी आली की पान उलटायचे.

मॅचिंग म्हणजे काय ते ज्यांना माहिती नाही त्यांनी समजून घ्या. संस्थेचा एक बडा कर्जदार, ज्याच्यामुळे संस्था बुडाली त्यातलाच एक, त्याने अशा पावत्या तीस-तीस टक्क्यांनी गोळा केल्या आणि शंभर टक्के धरून आपल्या कर्जात वळत्या केल्या. कर्ज फिटलं. गहाण ठेवलेली हायवेची जमीन सुटली. आज तिथे लग्नाची लॉन्स आहेत. कागदोपत्री सगळं स्वच्छ, कारण अण्णांनी लिहूनच दिलंय की मला पूर्ण मिळाले.

आणि हेच लोक आता सांगणार की शेतकऱ्याला कर्जमाफी दिली तर पतशिस्त बिघडते. मोठ्याने बुडवलं आणि बँकेने काही रक्कम सोडून दिली की त्याला हेअरकट म्हणायचं, सेटलमेंट म्हणायचं, आणि खेड्यातल्याने मुदत मागितली की फुकट्या. कर्जमाफीने शेती सुधारत नाही हे मलाही कळतं, पैसे बरेचदा भलत्याच्याच खिशात जातात. पण शिस्त शिकवायची तर वरून सुरुवात करा ना.

जोसेफ प्लंब मार्टिन नावाचा एक शिपाई होता. पंधराव्या वर्षी सैन्यात गेला, शेवटपर्यंत लढला. नंतर मेन प्रांतात जमीन कसायला घेतली तर तिच्यावर मालकी सांगितली कोणी, हेन्री नॉक्सने, ज्याच्या तोफखान्याच्या जोरावर हे युद्ध जिंकलं तो जनरल, पुढचा युद्धमंत्री. जमीन गेली. गरीब सैनिकांना पेन्शन द्यायचा कायदा झाला तो थेट १८१८ मध्ये, पस्तीस वर्षांनी. महिन्याला आठ डॉलर, तेही गरिबी सिद्ध केली तर. मार्टिनने आपली मालमत्ता सांगितली: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. त्याला माहिती होतं की फसवणूक झाली, आणि तो म्हातारपणी ते मोठ्याने बोलला. अण्णा बोलले नाहीत. म्हणून मी बोलतेय, आणि ग्रुपवर कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

तो अंगठा देणाऱ्या मित्रा, तुझ्यावर राग नाही रे. तुझ्या बाबांनी किती टक्क्यांनी दिली ते तुला माहिती तरी आहे का? एकदा विचार घरी. ओरडू नको त्यांच्यावर, नुसतं विचार.

आणि बाकीच्यांसाठी कामाचं. आम्ही काही जण मूळ ठेवीदारांची यादी करतोय, पावती कोणाच्या नावाची होती, किती टक्क्यांनी गेली, कोणाला गेली. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे देणार आहोत, पुढे कोर्टात जावं लागलं तर तेही बघू. ज्यांच्या घरात अजून पावती पडून आहे त्यांनी घाईत विकू नका. विकायची वेळ आलीच, कारण दवाखाना काय सांगून येत नाही, तर 'पूर्ण रक्कम मिळाली' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. जेवढे हातात पडले तेवढाच आकडा लिहायला लावा. पावतीचा आणि त्या स्टॅम्प पेपरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि जो घेतोय त्याच्याकडून त्याचं नाव लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर मला फोन करा, मी येते. नंबर बऱ्याच जणांकडे आहे, नसेल तर इनबॉक्सला या, कमेंटमध्ये रकमा टाकू नका.